चित्रात दिसतंय तेच पट्टीत परत का लिहायचं? कॉमिक्समधली चित्रं आणि शब्द

टिपकागद

लोकहो, कॉमिक्स वाचणाऱ्या आणि कधीकाळी वाचलेल्या सगळ्यांना एक प्रश्न आहे.

सध्या भाचीबरोबर अमर चित्र कथांचा जुना गठ्ठा परत वाचतोय. ती बारा वर्षांची आहे, चित्रं काढते आणि चांगली काढते, त्यामुळे तिचं लक्ष भलत्याच ठिकाणी जातं. परवा म्हणाली, मामा, राजा घोड्यावरून जंगलात चाललाय हे दिसतंय ना, मग वर निवेदनाच्या पट्टीत पण "राजा घोड्यावरून जंगलात गेला" असं का लिहायचं? तेव्हापासून प्रत्येक पान त्या नजरेने बघतोय आणि खरंच, कितीतरी चौकटींत पट्टी बोटाने झाकली तरी काही अडत नाही.

माझं मत असं की दोघांनी एकच काम करू नये. घोडा, जंगल, संध्याकाळचा उजेड हे चित्राने सांगावं. राजा कशाला निघालाय, घरात काय भांडण झालंय, किती दिवस चालतोय हे शब्दांनी. दोघांनी मिळून घोडाच दाखवला तर राजाच्या मनातलं कोण सांगणार?

विचारायचं कारण हेही आहे की आम्ही दोघं मिळून एक सोळा पानी कॉमिक करतोय. गोष्ट माझी, चित्रं तिची, गावातल्या एका विहिरीची गोष्ट आहे. आणि ती माझ्या पट्ट्या धडाधड खोडतेय. तर तुम्ही वाचताना आधी काय बघता, चित्र की अक्षर? आणि पट्टी कुठे हवी, कुठे नको?

रानवाटा

आधी चित्र, मग संवादांचे फुगे, मग परत चित्र. पट्टी सगळ्यात शेवटी. भाचीला पूर्ण पाठिंबा!

शाईपुसणी

मी पट्टीच्या बाजूने बोलणार आहे, कारण मी वाचायला शिकले तीच अमर चित्र कथांवर. नुकतं वाचायला लागलेलं मूल अडखळत अडखळत "घोड्यावरून" हा शब्द लावतं आणि खाली घोडा दिसतो, तेव्हा त्याला कळतं की आपण बरोबर वाचलं. ती खात्री फार मोठी असते हो. जे तुम्हाला दोनदा सांगितल्यासारखं वाटतं ते त्या मुलाला हात धरल्यासारखं वाटतं.

दुसरं म्हणजे जागा. १९६७ मध्ये अनंत पै यांनी ही मालिका सुरू केली, आणि एकेका पुस्तकाला साधारण ३२ पानं. त्यात अख्ख्या माणसाचा जन्म, शिक्षण, लढाया, मृत्यू बसवायचा. "बारा वर्षं लोटली" हे पट्टीने एका ओळीत होतं, चित्राने करायचं तर किती चौकटी घालवाल? तेव्हा सगळ्या पट्ट्यांना एकाच मापाने मोजू नका ही विनंती.

टिपकागद

शाईपुसणीताई, वाचायला शिकणाऱ्या मुलाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. बारा वर्षांची उडी पण मान्य. पण मग ज्या पट्टीत उडी नाही आणि वाचक सात वर्षांचा नाही, तिथे?

बोरूबहाद्दर

मस्त धागा. यात एक गोष्ट कुणी बोललं नाही ती म्हणजे पानावर आधी काय येतं. लिखाण की चित्र? माझ्या मते निम्मं उत्तर तिथेच आहे.

१९५० च्या दशकातली अमेरिकेतली ईसी कॉमिक्स घ्या. तिथे संपादक अल फेल्डस्टीन गोष्ट थेट पानावर रचायचा, चौकटी आखून, मजकूर आधीच लिहून झालेला असायचा आणि ते पान चित्रकाराकडे जायचं. म्हणजे चित्रकाराच्या हातात पडायच्या आधीच अर्धी चौकट अक्षरांनी भरलेली. मग उरलेल्या जागेत तो काय करणार, वर लिहिलंय तेच काढणार. पट्टीने घटना सांगून टाकलेली असते.

याच पद्धतीत बर्नार्ड क्रिगस्टीन नावाच्या चित्रकाराने बंड केलं. १९५५ मधली 'मास्टर रेस' नावाची गोष्ट, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एका माणसाला ओळखीचा चेहरा दिसतो आणि छळछावणीचा सगळा भूतकाळ अंगावर येतो. त्याला मिळाली होती सहा पानं. त्याने बारा मागितली, भांडून आठ मिळाली. मग त्याने आखलेल्या चौकटी कापून त्यांच्या बारीक बारीक उभ्या चौकटी केल्या. शेवटी तो माणूस फलाटावरून पडतो तिथे पडण्याचा एकेक क्षण सुटा काढलाय, आणि धडधडत जाणाऱ्या गाडीच्या खिडक्यांत तेच चेहरे एकावर एक पुन्हा पुन्हा उमटतात. शब्द नाहीत. ज्या कंपनीत शब्दांचं राज्य होतं तिथे त्याने हे केलं म्हणून मला हे पान इतकं थोर वाटतं.

उलट टोक म्हणजे मार्व्हल. १९६० च्या दशकात स्टॅन ली थोडक्यात कथानक सांगायचा, जॅक कर्बी सगळी पानं काढून आणायचा, समासात काय चाललंय ते लिहून ठेवायचा, आणि मग ली फुग्यांत संवाद भरायचा. १९६६ मध्ये असंच पान आलं तर त्यात चकचकीत सर्फबोर्डवर उभा असलेला एक माणूस, ज्याबद्दल दोघांचं काहीच बोलणं झालेलं नव्हतं! कर्बीला वाटलं की गोष्टीतल्या एवढ्या महाकाय खलनायकाला एक दूत हवा. सिल्व्हर सर्फर जन्मला तो चित्रात, त्याला बोलायला नंतर आलं.

हुप्प्या

म्हणजे आमंत्रण नसताना पंगतीत येऊन बसला आणि घरचाच झाला! सर्फर भाऊ की जय

पानगळ

बोरूबहाद्दर, फलाटाचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. मी तर पुढे जाऊन म्हणेन की ज्या पानाला शब्द लागत नाहीत ते सर्वात चांगलं पान. आपल्याकडे शि. द. फडणीसांचं बघा, मोहिनी मासिकाची मुखपृष्ठं आठवा. एक शब्द नाही आणि घरातली आजीपासून नातवापर्यंत सगळी हसतात. मोठी गोष्ट हवी तर शॉन टॅनचं 'द अरायव्हल', २००६ चं. एक माणूस बायको-मुलीला मागे ठेवून परक्या देशात जातो, पूर्ण पुस्तक चित्रांत. शब्द कशाला हवेत?

बोरूबहाद्दर

पानगळ, त्या पुस्तकात शब्द नाहीत कारण त्या माणसाला तिथली भाषा येत नाही. पाट्यांवर, कागदांवर लिपी आहे, पण ती टॅनने बनवलेली, कुणालाच न येणारी. वाचक पण त्याच्यासारखाच निरक्षर होतो. शब्द काढून टाकणं हाच तिथे गोष्टीचा भाग आहे. म्हणून ते चालतं. प्रत्येक गोष्टीला ते कारण नसतं.

बाकी फडणीसांबद्दल दुमत नाहीच, पण हास्यचित्र एका क्षणाचं असतं. गोष्ट पुढे न्यायची म्हटली की अडचण सुरू होते. जिनिव्हाच्या रोडोल्फ टॉप्फरने, ज्याला या कलेचा आद्यपुरुष मानतात, १८३७ मध्येच आपल्या पुस्तकाबद्दल लिहून ठेवलंय की मजकूर नसेल तर चित्रांचा अर्थ धूसर राहील आणि चित्रं नसतील तर मजकुराला काही अर्थच उरणार नाही. जवळजवळ दोनशे वर्षं झाली या वाक्याला, मला अजून याच्यापेक्षा नेमकं कुणी बोललेलं सापडलं नाही.

लालमाती

तुम्ही लोक जिनिव्हा न्यूयॉर्क फिरून आलात, जरा कुडाळला पण उतरा. आमच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. रामायण महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवलेले, एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. कथा सांगणारा मांडीजवळ एकेक चित्र उभं धरतो, वीणा टाळ हुडूक वाजतात आणि तो गात, बोलत गोष्ट सांगतो. सांगून झालं की पुढचं चित्र.

आता तिथे चित्रावर काय लिहिलेलं नसतं. पण म्हणून ती मूक चित्रं आहेत का? अजिबात नाही. मोठ्ठे डोळे, बाजूने दाखवलेला चेहरा, दोन पात्रं समोरासमोर. कोण रागावलंय, कशाला आलाय ते सगळं आवाजात येतं. एकाच चित्रावर सांगणारा कधी भरभर पुढे जातो, कधी रडवेपर्यंत थांबतो. मला वाटतं टिपकागद यांचा जो पट्टीचा प्रश्न आहे त्याचं मूळ इथे आहे. अमर चित्र कथेतली पट्टी म्हणजे तो सांगणारा. तो छापील झाला एवढंच. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा गावात काय आनंद होता म्हणून सांगू, त्यांनी घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलंय, जाणार असाल तर जरूर बघा.

शाईपुसणी

लालमाती, हे फार आवडलं. सांगणाऱ्याला कुणी विचारत नाही की दिसतंय ते परत का सांगतोस.

रानवाटा

लालमातींच्या प्रतिसादातलं "थांबतो" हे मला महत्त्वाचं वाटतं. छापील पानावर वाचकाला थांबवणार कोण? मूक चौकट असली की डोळा सर्रकन पुढे जातो. तिथे दोन वाक्यांचा फुगा घातला की ती वाक्यं वाचून होईपर्यंत नजर त्याच चौकटीत राहते आणि तेवढ्या वेळात मागचा माणूस, खिडकी, टेबलावरचा गार झालेला चहा हे सगळं दिसतं. म्हणजे शब्द नुसते अर्थ सांगत नाहीत, ते वेळ मोजतात. क्रिगस्टीनने शब्द न वापरता तोच वेळ चौकटी वाढवून मिळवला, म्हणून त्याला जास्त पानं हवी होती. आणि म्हणूनच टिपकागद, पट्टी खोडताना त्या चौकटीवर वाचक किती वेळ थांबायला हवाय हेही बघा. पट्टी गेली तर चित्रात तेवढं बघण्यासारखं पाहिजे.

सांजवेळ

रानवाटा, वेळेचा मुद्दा एकदम पटला. मी वेगळंच उदाहरण देते, जिथे चित्र आणि शब्द एकमेकांशी सहमतच नाहीत.

आर्ट स्पीगेलमनचं 'माउस', ज्याला १९९२ मध्ये पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. वडील ऑश्विट्झमधून वाचलेले, मुलगा त्यांची मुलाखत घेत घेत पुस्तक काढतोय, ज्यू उंदीर आणि जर्मन मांजरं. एका पानावर मुलगा विचारतो की छावणीच्या फाटकाशी कैद्यांचा वाद्यवृंद वाजत असायचा ना, तशी नोंद आहे. वडील म्हणतात नाही, मला फक्त चालणं आठवतं, वाद्यं बिद्यं काही नाही. आता चित्रकार काय करेल? आधीच्या चौकटीत वाद्यवृंद स्पष्ट काढलाय. नंतरच्या चौकटीत चालणाऱ्या कैद्यांच्या रांगांनी तो जवळजवळ झाकून टाकलाय, मागे वाद्यांची टोकं तेवढी दिसतात.

वडिलांची आठवण खोटी ठरवली नाही आणि कागदपत्रातलं सत्य पण पुसलं नाही. नुसत्या लिखाणात हे "परंतु" घालून करावं लागलं असतं. नुसत्या चित्राला हा वाद कळलाच नसता. मी ते पान कितीदा बघितलंय, दर वेळी त्या टोकांपाशी थांबते.

हुप्प्या

हे वाचून गप्प बसलो. पुस्तक मागवतोय.

अर्धविराम

मी अक्षरजुळणी करतो, भाषांतरित कॉमिक्सचं काम बरंच केलंय, तेव्हा अगदी व्यवहारातली बाजू सांगतो.

इंग्रजी कॉमिक्स बहुतेक मोठ्या लिपीत, म्हणजे कॅपिटल अक्षरांत लिहितात. त्या अक्षरांना वर-खाली शेपट्या नसतात, ओळी एकमेकींना चिकटवल्या तरी चालतं. आपल्या देवनागरीला वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. ओळींत अंतर ठेवलंच पाहिजे. त्यामुळे ज्या फुग्यात इंग्रजीच्या पाच ओळी बसतात तिथे आपल्या तीन-साडेतीन बसतात. वरून आपले शब्द प्रत्यय लागून लांब झालेले, "घरापर्यंतसुद्धा" हा एकच शब्द अंडाकृती फुग्याच्या निमुळत्या टोकात बसत नाही आणि मधे तोडला तर वाचवत नाही. मग काय होतं, एकतर अक्षर बारीक करतात आणि डोळ्यांना त्रास, नाहीतर भाषांतरकाराला सांगतात वाक्य कमी कर. विनोद अर्धा तिथेच जातो. एका प्रकाशकाकडे तर मी फुगे थोडे मोठे करू का विचारलं तर मूळ चित्राला हात लावायचा नाही म्हणाले, त्यांचंही करारात अडकलेलं असतं.

तेव्हा भाचीला सांगा, फुगा आधी काढून ठेवायचा नाही. पेन्सिलच्या कच्च्या पानावर आधी अक्षरं लिहायची, मग त्यांच्याभोवती फुगा, आणि मग उरलेल्या जागेत माणसं. आणि जो आधी बोलतो तो डावीकडे उभा करायचा, नाहीतर फुग्यांच्या शेपट्यांची फुली होते. आपल्याला हाताने अक्षर काढून करायचंय, छापाचा टाइप वापरू नका. चित्राच्या रेषेची आणि अक्षराची जाडी एकच असली की पान एका हातचं वाटतं.

बोरूबहाद्दर

अर्धविराम, वाचनखूण साठवली. शेवटचं वाक्य तर सोन्यासारखं. 'माउस'ची अक्षरं पण स्पीगेलमननेच हाताने काढलेली आहेत आणि ते पान वहीतल्यासारखं वाटतं याचं ते मोठं कारण आहे.

शाईपुसणी

अक्षराचा विषय निघालाच आहे तर अॅस्टेरिक्स हे फ्रेंच कॉमिक घ्या! गॉथ लोक बोलायला लागले की त्यांचे फुगे जुन्या जर्मन गॉथिक वळणात, इजिप्तचा माणूस बोलला की फुग्यात चित्रलिपी. परकी भाषा आहे हे सांगायला पट्टीच लागत नाही, कानाला ऐकू येतं. लहानपणी मी त्या चित्रलिपीचा अर्थ लावत बसायचे.

कंदीलवाला

वेताळाचं, म्हणजे फँटमचं नाव कुणीच कसं काढलं नाही? आमचं बालपण इंद्रजाल कॉमिक्सवर गेलं. कवटीची गुहा, कवटीचं सिंहासन, जबड्यावर उठणारी खूण! मला आजही वेताळ कुठल्याही चित्रातून ओळखू येतो कारण मुखवट्यात डोळ्यांची बुबुळं काढलेलीच नाहीत.

रानवाटा

धागा वेताळाकडे वळला म्हणजे आता परत येणं अवघड, तरी कंदीलवाला काका, तुमच्या वेताळाचं या विषयाशी नातं आहे. ली फॉकचा वेताळ १९३६ पासून अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोज दोन-तीन चौकटींत यायचा. काल कुणी वाचलं नसेल म्हणून पहिल्या चौकटीत कालचं थोडं परत सांगायचं. १९६४ पासून टाइम्सच्या इंद्रजालमध्ये त्याच रोजच्या चौकटी जोडून पुस्तकं झाली. सलग वाचताना "आत्ताच तर सांगितलं की हे" असं जे वाटायचं त्यामागे ही रोजची सवय होती. म्हणजे पुनरुक्ती लेखकाला सुचलं नाही म्हणून येते असं दर वेळी नसतं. छापायची जागा बदलली आणि शब्द जुन्या जागेचेच राहिले.

कंदीलवाला

वा, हे माहीत नव्हतं. तरी ते "जंगलात म्हण आहे की" हे कितीदा आलं तरी मला हवं असायचं बरं का.

मुक्काम_पोस्ट

टिपकागद विहिरीची गोष्ट करतायत म्हणून मुद्दाम लिहितोय. 'भीमायन' बघितलंय का? नवयान प्रकाशनाने २०११ मध्ये काढलं, डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावर. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची, मध्य प्रदेशातल्या परधान गोंड परंपरेतले कलाकार. शाळेत पाणी न मिळणं, मसूर स्टेशनवर उतरल्यावर गाडीवानाने नाकारणं, बडोद्यातली राहण्याची वणवण, महाड, हे सगळं त्यात आहे.

त्यांनी चौकटी आखायलाच नकार दिला. माणसांना खोक्यात कोंबायचं नाही अशी त्यांची भूमिका होती. पान मोकळं असतं आणि नक्षीच्या वळणांनी एक प्रसंग दुसऱ्यापासून वेगळा होतो. आणि फुगे! जे बोलणं मायेचं किंवा सोसणाऱ्या माणसाचं आहे त्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. जे बोलणं जातीच्या विषाने भरलंय त्या फुग्याला विंचवाची नांगी. तुम्ही शब्द वाचायच्या आधीच तुम्हाला कळतं की हा माणूस डंख मारणार आहे. वाक्य साधंच असतं, रोज कुणीतरी कुणाला तरी बोलतं तसं. नांगी दिसते आणि ते वाक्य साधं राहत नाही.

वर सगळे चित्र विरुद्ध शब्द असं बोलतायत, इथे फुग्याची रेषाच तिसरी गोष्ट सांगते. आपल्या महाराष्ट्रात घडलेली ही गोष्ट इतक्या ताकदीने गोंड कलाकारांनी सांगितली याचा मला फार आदर आहे. पाण्याची गोष्ट करताय तर पुस्तक मिळवून भाचीला दाखवाच.

पानगळ

मुक्काम_पोस्ट, नांगीचं वाचून मला माझं "शब्द कशाला हवेत" थोडं आवरावंसं वाटतंय. तिथे शब्द नसते तर नांगीला काही अर्थ नव्हता.

हुप्प्या

अवांतर: चिंटू कुणीच नाही? १९९१ मध्ये सकाळमध्ये सुरू झालेला, चारूहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा. शेवटच्या चौकटीत चिंटू गप्प आणि आईचा चेहरा, त्यावर आमच्या घरी सगळे हसायचे. बोललेलं आधीच्या चौकटीत, विनोद गप्प चौकटीत.

रानवाटा

अवांतर कुठलं, हेच तर चाललंय. आधीच्या शब्दांनी तयारी केली म्हणून त्या गप्प चौकटीवर आपण थांबतो.

टिपकागद

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. प्रतिसाद भाचीला वाचून दाखवले. 'भीमायन' तिच्या शाळेच्या ग्रंथालयातच निघालं, कालपासून हातातून खाली ठेवत नाहीये.

कामाचं सांगतो. आम्ही सोळाही पानं समोर पसरून प्रत्येक पट्टीला विचारलं की तू गेलीस तर काय जाईल. ज्यांनी नुसतं चित्र परत सांगितलं होतं त्या गेल्या. दोन ठिकाणी तिने स्वतःच पट्टी परत मागितली, कारण तिथे चौकट फार पटकन संपत होती. रानवाटा, हे तुमच्यामुळे. आणि विहीर खणतानाची जी चार पानं आहेत तिथे मी पट्ट्यांत खणण्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. तिथे गावातली म्हातारी आपल्या लग्नाची हकीकत सांगतेय, खाली माणसं खणतायत. 'वॉचमेन' नावाच्या कॉमिकमध्ये कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे एक मुलगा चाच्यांचं कॉमिक वाचत बसतो आणि त्या कॉमिकच्या पट्ट्या रस्त्यावरच्या चित्रांवर येतात, तिथून हे सुचलं. म्हातारी म्हणते "तेव्हा अंगणात पाणीच पाणी होतं" आणि खाली कोरडा दगड. दोन्ही आपापलं सांगतायत आणि मधे काहीतरी तयार होतंय असं आम्हा दोघांना वाटतंय.

एकच भांडण उरलंय. नवव्या पानावर "पुढच्या उन्हाळ्यात" एवढीच पट्टी आहे. ती म्हणते झाडाची पानं गळालेली काढते, पट्टी नको.

अर्धविराम

पानं गळालेली म्हणजे वाचकाला शिशिर वाटेल. उन्हाळा दाखवायचा तर पळस किंवा गुलमोहर फुललेला काढा. पण रंगीत आहे का तुमचं? काळ्या पांढऱ्यात गुलमोहर कळणार नाही.

टिपकागद

काळं पांढरंच आहे.

शाईपुसणी

मग पट्टी ठेवा आणि झाडही काढू द्या. "पुढच्या" हा शब्द कुठलंच झाड दाखवू शकत नाही. उन्हाळा चित्रातून कळेल, पण तो त्याच वर्षीचा नाही, मधे एक अख्खा पावसाळा येऊन गेला आणि तरी विहिरीला पाणी लागलं नाही, हे त्या दोन शब्दांतच आहे. भाचीला माझ्या वतीने सांगा की ही एक पट्टी खोडू नकोस.